संध्याकाळी सहा वाजता जाऊन बघा

केअर सेंटर पाहायला निघालेलं कुटुंब बहुधा सकाळी अकराच्या सुमाराला पोचतं. फोन करून वेळ ठरवलेली असते. व्यवस्थापक दारापर्यंत येतात, ऑफिसात बसवून चहा देतात, मग खोल्या दाखवतात. धुतलेल्या चादरी, खिडकीत कुंड्या, भिंतीवर गणपती, हॉलमध्ये मोठा टीव्ही. आंघोळी उरकलेल्या असतात, नाश्ता झालेला असतो, डॉक्टरांची फेरीही त्याच वेळेची असते. मुलगा शुल्क विचारतो, सून बाथरूम बघते आणि परतताना गाडीतच निर्णय होतो. आईचं पुढचं आयुष्य जिथे जाणार, ती जागा दिवसातल्या सगळ्यात सोप्या तासाला पाहिली जाते.

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाचे अवघड तास वेगळे असतात. आंघोळ हा एक, जेवण हा दुसरा. दिवेलागणीला बऱ्याच रुग्णांची घालमेल सुरू होते. "मला घरी जायचंय" म्हणत ते दाराशी येऊन उभे राहतात, स्वतःच्या घरात असले तरीही. आणि मग रात्र. या वेळांना रुग्णाजवळ ना डॉक्टर असतो ना व्यवस्थापक. असते ती मावशी, नाहीतर मामा. तिचा हात कसा लागतो, आवाज कसा निघतो, तिच्या एकटीच्या वाट्याला किती रुग्ण आहेत, आदल्या रात्री तिची झोप झाली आहे का, यावर त्या सेंटरचा दर्जा ठरतो. पुढे जे जे तपासायला सांगणार आहे, ते या एकाच गोष्टीचा माग काढण्यासाठी.

भंडारा जिल्ह्यातल्या कुटुंबांना हा प्रश्न शहरी वाटत असेल तर तसं नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासाच्या अंदाजानुसार साठी ओलांडलेल्या भारतीयांपैकी ७.४ टक्क्यांना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. आणि हे प्रमाण शहरांपेक्षा खेड्यांत, पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त आढळलं. मुलं नागपूर-पुण्याला, घरी म्हातारा-म्हातारी. रोवणीच्या दिवसांत तर घरातलं प्रत्येक माणूस बांधीत असतं आणि दुपारी उघड्या दारातून बाबा तलावाच्या दिशेने निघून गेलेले कुणाच्या लक्षातही येत नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' या चित्रपटात मोहन आगाशे यांनी रंगवलेले संस्कृतचे प्राध्यापक एका हत्तीमागे असेच चालत निघून जातात. तलावांच्या या जिल्ह्यात अशा भटकण्याचा धोका किती, हे इथल्या माणसाला सांगायला नको.

तरीही "आईला आश्रमात टाकलं" हे वाक्य गावात ऐकावं लागतं, आणि त्या भीतीने कित्येक सुना-मुली स्वतःची पाठ आणि झोप मोडेपर्यंत थांबतात. पालक व ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याने वृद्धाला सोडून देणं हा गुन्हा ठरवला आहे. चांगली जागा शोधणं, तिथे जात राहणं, तिथल्या कारभारावर डोळा ठेवणं म्हणजे सोडून देणं नव्हे. ती काळजीच आहे, आणि ती नीट घ्यायची तर आधी थोडी तयारी लागते.

तयारीतली पहिली गोष्ट निदान. विसरायला लागणं म्हणजे दर वेळी स्मृतिभ्रंश नसतो. थायरॉइड बिघडलेलं असू शकतं, बी-१२ जीवनसत्त्व कमी असू शकतं, नैराश्य असू शकतं. पडल्यावर डोक्यात हळूहळू रक्त साकळतं तेव्हाही माणूस असाच गोंधळतो. यातलं बरंच काही उपचाराने सुधारतं. म्हणून आधी जिल्हा रुग्णालयातल्या मनोविकारतज्ज्ञांना किंवा मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा आणि स्मृतिभ्रंश असेल तर कोणत्या प्रकारचा ते कागदावर लिहून घ्या. अल्झायमर, रक्तवाहिन्यांमुळे होणारा आणि लेवी बॉडी या प्रकारांत औषधांची पथ्यं निराळी आहेत. जे सेंटर हे कागद न मागता "आणा, जागा आहे" म्हणतं, तिथे पुढे जाण्यात अर्थ नाही.

सेंटर तुम्हाला किती प्रश्न विचारतं, ही माझ्या मते पहिली आणि फार खरी परीक्षा आहे. चांगल्या ठिकाणी तासभर तरी विचारपूस होते. आई कशाला घाबरते? कोणत्या नावाने हाक मारली की बघते? आंघोळ सकाळी करायची की दुपारी? भाताशिवाय जेवण झालंसं वाटतं का? आयुष्यभर काय काम केलं? हा शेवटचा प्रश्न वरवरचा नाही. जिने चाळीस वर्षं घरी बिड्या वळल्या, तिची बोटं आजार वाढल्यावरही रिकामी बसत नाहीत. ती पदर कुरतडते, चादरीचे धागे काढते. तिला निवडायला डाळ, घड्या घालायला कापड दिलं की ती शांत बसते. ज्याला हे ठाऊक नाही तो तिला "त्रास देणारी पेशंट" ठरवतो आणि गोळी वाढवतो. तांब्या-पितळेची भांडी घडवलेला, शाळेत शिकवलेला, तलावात जाळं टाकलेला माणूस असेल तर त्याच्याही हाताची सवय अशीच कळायला हवी.

बोलीचंही तसंच. आजार वाढत जातो तशी नंतर शिकलेली भाषा आधी निसटते आणि लहानपणीची उरते. झाडीबोलीत वाढलेली आजी "आंग धुवाचं हाये" म्हणते तेव्हा समोरच्याला ते तिथल्या तिथे कळलं पाहिजे. शौचाला जायचंय हे तर त्याहून लवकर. नागपूरच्या एखाद्या सेंटरमध्ये भंडारा-गोंदियाकडच्या मुली कामाला असतील, तर संगमरवरी फरशीपेक्षा मी त्याला जास्त मोल देईन.

आता प्रत्यक्ष पाहणी. एकदा वेळ घेऊन जा, कारण कागदपत्रं बघायची असतात. दुसऱ्यांदा न कळवता संध्याकाळी सहाच्या सुमाराला जा. फाटकातच अडवलं आणि "भेटीची वेळ संपली" म्हणाले, तर तिथेच बरंच कळलं. संसर्गाची साथ असेल तर गोष्ट वेगळी; एरवी नातेवाइकांना संध्याकाळी दाराबाहेर ठेवायचं कारण सहसा चांगलं नसतं.

आत गेल्यावर फिरू नका, बसा. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड विद्यापीठात टॉम किटवुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या सेवेचा दर्जा मोजायची एक पद्धत घडवली. तिच्यात निरीक्षक हॉलमध्ये रुग्णांमध्ये काही तास बसून राहतो आणि दर पाच मिनिटांनी प्रत्येक रुग्ण काय करतोय, त्याचा चेहरा कसा आहे, कुणी त्याच्याशी कसं वागलं हे टिपतो. आपल्याला तेवढं शास्त्रशुद्ध जमणार नाही, पण तासभर एका खुर्चीत बसणं जमेल. एक आजी निवडा आणि तिच्याकडेच लक्ष ठेवा. त्या तासात तिच्याशी किती जण बोलले? की टीव्ही चालू, आजी खुर्चीत आणि कुणी फिरकलंच नाही? मावशी तिला उठवताना आधी समोर येऊन, डोळ्यांच्या पातळीवर वाकून सांगते, की मागून काखेत हात घालून उचलते? "आजी, चला ना जेवायला" म्हणते, की "ए म्हातारे, ऊठ"? आजी दहाव्यांदा "माझा मुलगा कधी येणार" विचारते तेव्हा दहावं उत्तर कसं मिळतं? "येणार नाही, किती वेळा सांगू" हे उत्तर ऐकलंत, तर बाकी सगळं चकचकीत असलं तरी ते सेंटर माझ्या लेखी नापास.

नाकही कामाला लावा. लघवीचा वास एखाद्या वेळी, एखाद्या कोपऱ्यात येणारच. तो गादीत आणि भिंतीत मुरलेला असेल तर डायपर वेळेवर बदलले जात नाहीत. फिनाइलचा घमघमाट आला तर कशावर पांघरूण घातलंय ते विचारा. रुग्णांची नखं बघा, दाढी बघा, ओठ कोरडे आहेत का बघा. चष्मे ज्याचे त्याच्या डोळ्यांवर आहेत का? कवळी तोंडात आहे की कपाटात? ऐकण्याचं यंत्र लावलंय का आणि त्यात सेल आहे का? गोंधळलेल्या माणसाला दिसणं-ऐकणंही बंद झालं की त्याची भीती दुपटीने वाढते. तरी नेमक्या याच गोष्टींकडे सगळ्यात आधी दुर्लक्ष होतं.

जेवणाची पंगत अवश्य बघा. आजार पुढच्या टप्प्यात गेला की घास गिळणं अवघड होतं, अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो आणि तो जिवावर बेततो. रुग्णाला ताठ बसवून भरवतात का? एक घास गिळल्याची खात्री करून दुसरा देतात का? मोकळ्या भाताची शितं घशात विखुरतात. वरण घालून मऊ कालवलेला भात सोपा जातो. एका रुग्णाला भरवायला अर्धा तासही लागू शकतो. एक मावशी आठ जणांना वीस मिनिटांत जेवू घालत असेल तर कुणीतरी उपाशी राहतंय, हे गणित तिथेच उभं राहून करता येतं. नाकातून नळ्या घातलेले रुग्ण जास्त दिसले तर त्या कशासाठी आणि कुणाच्या सांगण्यावरून घातल्या, ते विचारा. कधी नळी गरजेची असते, कधी भरवायला माणूस नसतो म्हणून घातलेली असते.

शौचालयाचा प्रश्न लोक संकोचाने विचारत नाहीत. विचारा. "दिवसाला दोन डायपर" हे ठरीव उत्तर वाईट. दर दोन-तीन तासांनी शौचालयात नेऊन बसवतो, डायपर फक्त रात्री किंवा गरज पडेल तेव्हा, असं उत्तर मिळालं तर तिथे माणसं पुरेशी आहेत आणि त्यांना शिकवलेलं आहे. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस किती वेळाने बदलता, त्याचं रजिस्टर कुठे आहे, आज किती जणांना बेडसोर आहेत, त्यातले इथे आल्यावर किती झाले, हेही विचारा. दर महिन्याचं वजन लिहून ठेवतात का ते पाहा. तीन महिन्यांत उतरत गेलेलं वजन कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा जास्त सांगतं.

बांधून ठेवण्याबद्दल कायदा स्पष्ट आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू झाला. मानसिक आजाराच्या त्याच्या व्याख्येत स्मरणशक्तीचा गंभीर बिघाडही येतो. साखळीने बांधायला त्यात पूर्ण बंदी आहे. शरीराला अन्य कुठलाही अटकाव करायचा तर तात्काळ इजा टाळण्याचा दुसरा मार्गच उरलेला नसावा लागतो, मनोविकारतज्ज्ञाची परवानगी लागते आणि त्याची नोंद ठेवावी लागते. माणसं कमी आहेत म्हणून बांधलं, ही सबब कायद्याला चालत नाही. त्यामुळे ओढणीने खुर्चीला बांधलेली आजी दिसली आणि "पडू नये म्हणून, तिच्याच भल्यासाठी" असं सांगण्यात आलं, तर नोंद दाखवा म्हणा. सेंटरची नोंदणी कोणत्या कायद्याखाली झाली आहे, राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे आहे की फक्त संस्था म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे, तेही याच वेळी विचारून घ्या. नुसता वृद्धाश्रम म्हणून चालणाऱ्या जागेत पुढच्या टप्प्यातला रुग्ण ठेवणं त्याच्यावर आणि तिथल्या माणसांवरही अन्याय आहे.

दोरीने बांधता येत नाही तिथे गोळीने बांधलं जातं. रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, क्वेटियापिन, हॅलोपेरिडॉल ही औषधं कधीकधी खरोखर लागतात. रुग्ण भासांनी घाबरून स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करत असेल तर थोडा काळ, थोड्या मात्रेत. पण स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांमध्ये या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या वर्गातल्या नव्या औषधांवर २००५ मध्ये आणि जुन्यांवर २००८ मध्ये छापायला लावला. लेवी बॉडी प्रकारच्या रुग्णाला तर ती फार घातक ठरू शकतात. म्हणून विचारायचं ते असं: अशी औषधं किती जणांना चालू आहेत? कोण लिहून देतं? मात्रा कमी करून पाहण्यासाठी फेरतपासणी कधी होते? सुरू करण्याआधी घरच्यांना कळवता का? दुपारी चार वाजता सगळा हॉल माना टाकून झोपलेला दिसला, तर ती शांतता चांगली नव्हे.

आणि रात्र. रात्री किती माणसं असतात, त्यातली जागी किती, नर्स आहे की नाही, हे आकड्यांत विचारा. दिवसा मदत लागणाऱ्या पाच-सहा रुग्णांमागे एक माणूस असावं, असं मला वाटतं. रात्री ते प्रमाण कमी होईल, पण प्रत्येक मजल्यावर एक जण तरी जागा हवाच. भटकू नये म्हणून दारं बंद ठेवावी लागतात, हे समजण्यासारखं आहे. पण मग किल्ली कुणाकडे? ९ जानेवारी २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयातल्या नवजात बालकांच्या कक्षात आग लागली आणि १० बाळं गेली. ज्याला स्वतः उठून बाहेर पडता येत नाही, त्याचं आगीत काय होतं हे या जिल्ह्याने पाहिलेलं आहे. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण त्याच अवस्थेत असतो: धूर दिसला तरी तो दाराकडे जाईलच असं नाही, उलट पलंगाखाली शिरेल. तेव्हा अग्निशमन विभागाचा दाखला नुसता भिंतीवर आहे म्हणून थांबू नका. त्यावरची तारीख वाचा. अग्निशामक सिलिंडर भरल्याची तारीख वाचा. दुसरा जिना आहे का, त्यात जुन्या गाद्या आणि पलंग रचलेत का, ते चढून-उतरून बघा. खिडक्यांना पक्के गज असतील तर आतून उघडणारी वाट कोणती? शेवटी रात्रपाळीच्या मावशीलाच विचारा: "आत्ता आग लागली तर तुम्ही काय कराल?" तिला सांगता आलं, तर त्या सेंटरने तयारी केली आहे. तिने व्यवस्थापकांकडे बघितलं, तर केलेली नाही.

याच मावशीशी दोन मिनिटं एकटीशी बोलायला मिळालं तर आणखी काही कळेल. इथे किती वर्षं आहात, पाळी आठ तासांची की बारा, सुट्टी मिळते का, पगार वेळेवर होतो का, हे काम कुणी शिकवलं. दर दोन महिन्यांनी माणसं बदलत असतील तर रुग्णाला कुणीच ओळखीचं राहत नाही, आणि ओळख हरवत चाललेल्या माणसाला रोज नवा चेहरा आंघोळ घालणार म्हणजे रोज नवी भीती.

करारनामा घरी आणून वाचा. तिथे बसून सही करू नका. महिन्याच्या शुल्कात डायपर, औषधं, फिजिओथेरपी, दवाखान्यात नेणं येतं का? अनामत किती, आणि रुग्ण पंधरा दिवसांत गेला किंवा परत आणला तर ती मिळते का? सगळ्यात महत्त्वाचं कलम: रुग्ण अंथरुणाला खिळला, आक्रमक झाला किंवा अखेरच्या दिवसांत आला तर ठेवणार की "घेऊन जा" म्हणणार? काही ठिकाणी चालत्या-फिरत्या रुग्णालाच ठेवतात, आणि हे कुटुंबाला कळतं ते नको त्या दिवशी. शुल्क झेपत नसेल तर केंद्र सरकारच्या अटल वयो अभ्युदय योजनेत स्मृतिभ्रंशाच्या ज्येष्ठांसाठीच्या निवासी केंद्रांना अनुदानाची तरतूद आहे. असं अनुदानित केंद्र कुठे आहे ते समाज कल्याण कार्यालयात विचारा.

आता अंतराचा मुद्दा. भंडाऱ्याहून नागपूर साठेक किलोमीटर. साकोली, लाखांदूरहून आणखी लांब. स्मृतिभ्रंशासाठीच्या खास जागा मोठ्या शहरांत एकवटलेल्या आहेत, त्यामुळे पुण्याच्या देखण्या सेंटरचा मोह होतो, विशेषतः मुलगा तिथे असेल तर. मुलगा तिथे असेल आणि तो दर आठवड्याला जाणार असेल, तर जरूर न्या. नसेल, तर दूरच्या उत्तम सेंटरपेक्षा जवळचं साधं पण प्रामाणिक सेंटर मी निवडेन. कारण न कळवता दारात उभा राहणारा नातेवाईक हा दर्जा टिकवणारा सगळ्यात मोठा पहारा आहे, आणि ८०० किलोमीटरवरून तो देता येत नाही. व्हॉट्सअॅपवर रोज येणारे फोटो त्याची जागा घेत नाहीत. फोटो काढताना केस विंचरलेले असतात.

पहिला महिना आईला जडच जाणार. ती रडेल, जेवणार नाही, तुमच्यावर चिडेल. त्यावरून लगेच सेंटर वाईट ठरवू नका. काळजी करण्यासारखी चिन्हं वेगळी आहेत. दंडावर बोटांच्या आकाराचे वळ. ठरावीक माणूस जवळ आला की अंग चोरणं. कालपर्यंत ओळखत होती आणि एका दिवसात अगदीच बरळायला लागली, तर तो आजार वाढला असं समजू नका. लघवीतला जंतुसंसर्ग, पाणी कमी पडणं किंवा नवी गोळी यातलं काहीतरी असण्याची शक्यता मोठी आहे आणि त्याच दिवशी तपासणी हवी. ती मागितल्यावर सेंटर किती लवकर हलतं, तेही पाहून ठेवा.

तक्रार आधी व्यवस्थापकांकडे लेखी द्या आणि पोच घ्या. दाद लागली नाही तर नोंदणी केलेल्या मानसिक आरोग्य आस्थापनेबाबत मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे जाता येतं. वृद्धाश्रम असेल तर जिल्ह्याच्या समाज कल्याण कार्यालयात. ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ सकाळी ८ ते रात्री ८ चालू असते. काळजी घेऊन तुम्हीच थकला असाल तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास लागतो. दोन्ही मोफत आहेत आणि दोन्हींवर मराठीत बोलता येतं.